तीस मिनिटे : कुठून मोजायची?

माझ्याकडे एका केसपेपरची झेरॉक्स आहे. बावीस वर्षांपूर्वीची. एका तालुक्याच्या गावच्या रुग्णालयात माझी भावजय बाळंत झाली, त्या रात्रीची. त्यावर दोन वेळा नोंदवलेल्या आहेत. सिझेरियनचा निर्णय पहाटे २.४० वाजता, बाळाचा जन्म ३.०५ वाजता. मध्ये पंचवीस मिनिटे.

त्या रात्री मी लेबर रूमबाहेरच्या बाकावर बसले होते. ‘बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर करावं लागेल,’ असे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून गेला होता. मग भूलतज्ज्ञांना आणायला गाडी गेली. भाऊ रक्ताच्या बाटलीसाठी गेलेला होता, म्हणून सहीसाठी त्याची वाट पाहण्यात आली. थिएटरचे दार उघडून मावशींनी आत दिवे लावले. हे सगळे जमून भावजयीचे स्ट्रेचर आत गेले तेव्हा घड्याळात दोन चाळीस झाले होते. कागदावर निर्णयाची वेळ म्हणून लिहिली आहे ती हीच.

मुलगी सुखरूप झाली. आज माझी भाची बावीस वर्षांची आहे, नोकरी करते, आत्याच्या या जुन्या कागदाची थट्टा करते. त्यामुळे माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, आणि तेव्हाही नव्हती. प्रश्न मात्र तेव्हापासून मनात राहिला. मी डॉक्टर नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि पोट भरले ते हिशेब लिहून. हिशेबाच्या कामात पहिला धडा असा असतो की व्यवहार झाला ती तारीख आणि वहीत नोंद केली ती तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गफलत बहुधा त्या दोहोंच्या मधल्या जागेत लपलेली असते. तातडीच्या सिझेरियनबद्दलचे जगभरातले शोधनिबंध मी गेली काही वर्षे वाचते आहे ते या एका सवयीतून. त्या वाचनातून हाती आले ते इथे मांडते आहे.

नियम आला कुठून?

सिझेरियन करायचे ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतच्या काळाला प्रसूतिशास्त्रात ‘निर्णय ते जन्म’ अंतर म्हणतात. ते तीस मिनिटांपेक्षा जास्त असू नये, असा एक नियम सगळीकडे ऐकू येतो. वैद्यकीय महाविद्यालयांत तो शिकवला जातो, रुग्णालयांच्या तपासणीत विचारला जातो, आणि बाळाला इजा झाली की वकिलांच्या तोंडीही येतो. इतका पक्का नियम कोणत्या प्रयोगातून निघाला असेल, या कुतूहलाने मी मागे मागे जात राहिले. असा प्रयोग मला कुठेच सापडला नाही. सापडली ती एक शिफारस.

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी मिळून १९८३ साली प्रसूतिकाळातील काळजीबद्दल मार्गदर्शिका काढली. त्या दशकात तिथे जे मानक रुजले ते असे : जे रुग्णालय बाळंतपणे करते त्याची, गरज पडल्यास, निर्णयापासून तीस मिनिटांत सिझेरियन सुरू करण्याची क्षमता असली पाहिजे. यातले दोन शब्द नीट वाचायला हवेत. पहिला ‘क्षमता’. प्रत्येक बाईचे सिझेरियन तीस मिनिटांत झालेच पाहिजे, असे तिथे म्हटलेले नाही. रुग्णालयाने तशी तयारी ठेवावी, असे म्हटले आहे. दुसरा शब्द ‘सुरू’. म्हणजे मोजणी संपते ती पोटावर पहिला छेद घेतला तिथे.

हाच आकडा ब्रिटनमध्ये पोचला तेव्हा शेवटची खूण पुढे सरकली. तिथे तीस मिनिटे मोजू लागले ती बाळाच्या जन्मापर्यंत. छेदापासून जन्मापर्यंत काही मिनिटे जातातच, पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले असेल तर जास्तच जातात. आकडा तोच राहिला, पण त्याने मोजायची वस्तू बदलली. जर्मनीत तर अगदी तातडीच्या सिझेरियनसाठी निर्णय ते जन्म वीस मिनिटांचे मानक आहे. जर्मन बाळाची प्राणवायूवाचून तग धरण्याची ताकद इंग्रज बाळापेक्षा दहा मिनिटांनी कमी नसते. हे आकडे गर्भाच्या शरीरातून आलेले नाहीत. सुसज्ज रुग्णालयात माणसे गोळा करून शस्त्रक्रिया उभी करायला किती वेळ लागावा, याचा तो तज्ज्ञांनी बांधलेला अंदाज आहे. अंदाज म्हणून तो वाईट नाही. पण अंदाजाला निसर्गनियम समजले की घोटाळा सुरू होतो. अमेरिकी मार्गदर्शिकेच्याच पुढच्या आवृत्त्यांनी या मर्यादेला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे मान्य केले. तोवर आकडा जगभर फिरून आला होता.

मोजल्यावर काय दिसले

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन रुग्णालयांचे अनुभव प्रसिद्ध झाले. ब्रॅडफर्डच्या अभ्यासात घाईच्या सिझेरियनपैकी सुमारे ६६ टक्के तीस मिनिटांत झाली, चाळीस मिनिटांत ८८ टक्के, आणि पन्नास मिनिटांनंतरही ४ टक्के स्त्रियांचे बाळ जन्मायचे होते. ऑक्सफर्डमध्ये कळा चालू असताना बाळ संकटात आहे म्हणून केलेल्या सिझेरियनपैकी चाळीस टक्क्यांहूनही कमी तीस मिनिटांच्या आत बसली. ही इंग्लंडमधली मोठी रुग्णालये आहेत. त्यांनाही हे सहज जमत नव्हते. त्याच सुमारास त्या नियतकालिकातल्या एका संपादकीयाने इशारा दिला, की तीस मिनिटांची ही मोजपट्टी डॉक्टरांच्याच गळ्यातला फास होऊ पाहते आहे.

मोठा अभ्यास २००४ साली आला. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००० साली तीन महिने झालेल्या सिझेरियनची राष्ट्रीय पाहणी झाली होती. त्यातल्या १७,७८० तातडीच्या सिझेरियनचा हिशेब त्यात होता. बाळ कसे आहे हे पाहण्यासाठी एक मोजमाप अ‍ॅपगार गुणांचे होते. व्हर्जिनिया अ‍ॅपगार या अमेरिकी भूलतज्ज्ञ बाईंनी १९५३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी दोन, असे एकूण दहा गुण. पाचव्या मिनिटाला सातपेक्षा कमी गुण म्हणजे काळजीचे कारण. पंधरा मिनिटांत जन्मलेली बाळे आणि सोळा ते पंचाहत्तर मिनिटांत जन्मलेली बाळे यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. पंचाहत्तर मिनिटांनंतर मात्र बाळाचे गुण कमी असण्याची आणि आईला विशेष देखरेख लागण्याची शक्यता वाढली. तीस मिनिटांवर कुठलाही कडा नव्हता.

अमेरिकेतल्या तेरा रुग्णालयांचा २००६ सालचा अभ्यास आणखी चक्रावणारा आहे. २,८०८ तातडीच्या सिझेरियनपैकी सुमारे ६५ टक्के तीस मिनिटांत सुरू झाली. या लवकर झालेल्या गटातच बाळाच्या नाळेतल्या रक्तात धोकादायक आम्लता जास्त आढळली, ४.८ टक्के. उशिराच्या गटात ती १.६ टक्के होती. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हाही चित्र असेच आले. घाईने जन्मलेली बाळे जास्त आजारी होती.

मग घाई केल्याने बाळ आजारी पडते का? असा अर्थ काढणारे लेख मी वाचले आहेत आणि तो अर्थ चूक आहे. अग्निशमन दलाच्या वहीत पाहिले तर बंब ज्या घराकडे सगळ्यात वेगाने धावला तेच घर जास्त जळालेले दिसेल. कारण आगीचे लोळ दिसत होते म्हणूनच बंब तसा धावला. डॉक्टर आणि सिस्टर यांच्या नजरेला, हाताला कुठले बाळ खरोखर बुडते आहे ते बऱ्याचदा कळते आणि त्या बाळासाठी सगळे पळतात. म्हणून कमी मिनिटांच्या गटात मुळातच गंभीर बाळे गोळा होतात. हे लक्षात घेतले की या अभ्यासांतून दोन्ही टोकांचे निष्कर्ष गळून पडतात. तीस मिनिटे ओलांडली म्हणून बाळाला इजा झाली, हे त्यांतून सिद्ध होत नाही. वेळेला महत्त्व नाही, हेही सिद्ध होत नाही.

सरासरीत हरवलेले बाळ

वेळेला महत्त्व कधी असते, हे पाहायचे तर कारणे वेगळी करावी लागतात. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००९ साली ते केले. बाळाचे ठोके अचानक खाली आले आणि तातडीने सिझेरियन करावे लागले अशा २३५ स्त्रियांची त्यांनी कारणांनुसार विभागणी केली. काही कारणे परतवता येत नाहीत : नाळ बाळाच्या आधी खाली घसरणे, वार आधीच सुटणे, गर्भाशय फाटणे. या गटात ठोके पडल्यापासून जन्मापर्यंतच्या दर मिनिटाला नाळेच्या रक्ताचा पीएच ०.०११ने घसरत होता. वीस मिनिटांचा हिशेब केला तर ०.२२. ज्या मोजमापात ७.२५ ठीक आणि ७च्या खाली धोका मानतात, त्यात ही घसरण फार मोठी आहे. बाकीच्या गटांत मिनिटांचा आणि पीएचचा असा सरळ संबंध दिसला नाही.

लॉस एंजेलिसच्या १९९३ सालच्या एका अभ्यासात गर्भाशय फाटलेल्या स्त्रियांमध्ये ठोके पडल्यापासून अठरा मिनिटांनंतर जन्मलेल्या बाळांत गंभीर त्रास दिसू लागला. आणि गरोदर बाईचे हृदयच बंद पडले तर १९८६पासून शिकवला जाणारा नियम आहे तो चार मिनिटांत शस्त्रक्रिया सुरू करण्याचा आणि पाचव्या मिनिटाला बाळ बाहेर काढण्याचा.

म्हणजे एका बाईसाठी तीस मिनिटे हा फार मोठा उशीर आहे, आणि दुसरीसाठी तासभरही चालू शकतो. ब्रिटनने २००० सालानंतर सिझेरियनच्या तातडीच्या चार पायऱ्या केल्या त्या यामुळेच. पहिली, आई किंवा बाळाच्या जिवाला तत्काळ धोका. दुसरी, त्रास आहे पण लगेच जिवावर बेतलेले नाही. तिसरी, त्रास नाही पण लवकर बाळंतपण हवे. चौथी, सोयीची वेळ ठरवून. २०११च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी पहिल्या पायरीला तीस मिनिटे आणि दुसरीला तीस व पंचाहत्तर अशी दोन्ही मापे लावली. शिवाय स्पष्ट लिहिले, की ही मापे विभागाच्या एकूण कामाचे परीक्षण करण्यासाठी आहेत, एखाद्या बाईच्या बाबतीत कोणी चुकले का ते ठरवण्यासाठी नाहीत. आपल्याकडे या सूचनांतला आकडा तेवढा उचलला जातो. हे वाक्य मागे राहते.

याला जोडूनच दुसरी बाजू येते. बाळ बुडते आहे, हे आपल्याला खात्रीने कळते का? ठोक्यांचा आलेख काढणारे यंत्र असामान्य आलेख दाखवते तेव्हा त्यातली बहुतेक बाळे ठीक असतात. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या दीड लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून असे दिसले, की मेंदूच्या पक्षाघाताशी जोडलेल्या आलेखांनी दिलेल्या इशाऱ्यांपैकी ९९.८ टक्के फुकट होते. इशारा इतका कच्चा असताना प्रत्येक वेळी तीस मिनिटांची शर्यत लावणे म्हणजे अनेक बायांना विनाकारण धावत थिएटरात नेणे. मधल्या वेळात करायच्या साध्या गोष्टी असतात. आईला कुशीवर वळवणे, कळांचे औषध चालू असेल तर थांबवणे, नाळ घसरली असेल तर हाताने बाळाचे डोके वर धरून ठेवणे किंवा मूत्राशय सलाइनने भरणे. यांनी बाळाला वेळ मिळतो आणि कधी कधी ठोके परतही येतात. घड्याळाच्या चर्चेत या हातांचा उल्लेख क्वचित येतो.

घाईची किंमत

ती बहुतेक वेळा आई मोजते. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन भूल द्यायला थोडा वेळ लागतो, पूर्ण बेशुद्ध करणे लवकर होते. पण बाळंतिणीला पूर्ण भूल देण्यात पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. कर्टिस मेंडेलसन यांनी तो १९४६ सालीच दाखवून दिला. गरोदरपणात घशाला सूज असल्याने श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड जाते. घाईत मूत्राशयाला किंवा बाळालाही सुरी लागू शकते, जास्त रक्त जाऊ शकते. नाळ घसरली असेल तर हे धोके पत्करावेच लागतात. तक्त्यातला रकाना हिरवा दिसावा म्हणून ते पत्करणे हा मात्र त्या बाईवर अन्याय आहे.

‘निर्णय’ म्हणजे काय?

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. एवढ्या सगळ्या अभ्यासांत शेवटची खूण पक्की आहे. बाळ जन्मते तो क्षण सर्वांना दिसतो, रडणे ऐकू येते. सुरुवातीची खूण मात्र जागोजाग वेगळी आहे. कुठे मोठ्या डॉक्टरांनी फोनवर ‘घ्या’ म्हटले ती वेळ, कुठे केसपेपरवर लिहिली ती, कुठे संमतिपत्रावर सही झाली ती, कुठे भूलतज्ज्ञांना कळवले ती. एका रुग्णालयाची पंचवीस मिनिटे आणि दुसऱ्याची पंचेचाळीस मिनिटे प्रत्यक्षात एकच असू शकतात.

यापेक्षा कठीण बाब अशी, की निर्णय लांबवता येतो. थिएटर रिकामे नाही, भूलतज्ज्ञ यायचे आहेत, अशा वेळी शहाणा माणूस ‘अजून थोडे बघू’ म्हणतो आणि सगळे जमले की ‘घेऊ या’ म्हणतो. यात खोटेपणा असेलच असे नाही. हातात साधन नसताना निर्णय घ्यायला मनच तयार होत नाही. पण वहीत या वाट पाहण्याचा एकही मिनिट उमटत नाही. जिथे साधने कमी तिथे निर्णय उशिरा होतो आणि निर्णय उशिरा झाला की ‘निर्णय ते जन्म’ अंतर छान कमी दिसते. माझ्या भावजयीच्या कागदावरची पंचवीस मिनिटे अशीच तयार झाली. त्या पंचवीस मिनिटांवर कोणताही परीक्षक खूश झाला असता.

हिशेबनीस म्हणून आणखी एक खूण मला ओळखता येते. खऱ्या घटना घड्याळात कुठेही पडतात, २.३७ला, ३.०२ला. नोंदी मात्र शून्य आणि पाचवर संपू लागल्या की त्या नंतर आठवून लिहिल्या असण्याची शक्यता मोठी. माझ्या कागदावरच्या दोन्ही वेळा अशाच आहेत. बाळाला नाळ कापून सिस्टरच्या हातात देण्याच्या धांदलीत कोणी घड्याळ बघावे, अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी त्या खोलीत एकदा उभे राहावे. म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण अशा नोंदींवर दशांश चिन्हापर्यंतची टक्केवारी उभी करणाऱ्या निबंधांनी याचा विचार करायला हवा होता.

आपल्याकडचे घड्याळ

महाराष्ट्रात हा प्रश्न आला की बोलणे बहुधा वेगळ्या दिशेने जाते. सिझेरियन फार वाढली आहेत, ही तक्रार आपण सगळेच करतो आणि ती खरी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली होती, महाराष्ट्रातली २५.४ टक्के. देशभरात खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते. या आकड्यांवर चर्चा खूप झाली. त्यांतली एक बाजू कमी बोलली गेली. जास्त सिझेरियन होतात म्हणजे वेळेवर होतात असे नाही. गरज नसलेले सिझेरियन सकाळी अकरा वाजता शहरात होते. गरजेचे सिझेरियन रात्री दीड वाजता तालुक्याच्या गावी अडून बसते. राज्याच्या सरासरीत दोन्हींचा एकच आकडा होतो.

सरकारी व्यवस्थेत प्रथम संदर्भ रुग्णालय ही संकल्पना जुनी आहे. चोवीस तास सिझेरियनची सोय, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठा, या तीन गोष्टी असतील तर ते प्रथम संदर्भ रुग्णालय. तिन्हींतली एक जरी रात्री नसेल तर उरलेल्या दोन निरुपयोगी ठरतात. सर्वांत जास्त अडते ते भूलतज्ज्ञापाशी. म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना काही आठवड्यांचे भूलशास्त्राचे आणि तातडीच्या प्रसूतिसेवेचे प्रशिक्षण देण्याची योजना केंद्राने आणली. जून २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतले सिझेरियन, रक्त आणि वाहतूक मोफत झाली. २०१४पासून राज्यात १०८ची रुग्णवाहिका धावू लागली. डिसेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने लेबर रूम आणि प्रसूतीच्या थिएटरांच्या गुणवत्तेला हात घातला. या सगळ्याने फरक पडला आहे. माझ्या भावजयीच्या वेळी यातले काहीच नव्हते.

तरीही घड्याळाचा प्रश्न तसाच राहतो, कारण गावाकडच्या रुग्णालयात ‘निर्णय’ बहुतेक वेळा ‘रेफर’ या शब्दात होतो. बाई ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा रुग्णालयात जाते, तिथून जिल्ह्याला. प्रत्येक दारात नवा केसपेपर निघतो, नवी तपासणी होते, आणि घड्याळ शून्यावर येते. शेवटच्या दारात ‘निर्णय ते जन्म’ वीस मिनिटे लिहिले जाते. पहिल्या दारात ज्या डॉक्टरने सिझेरियन लागेल हे ओळखले त्याचा निर्णय कुठल्याच हिशेबात येत नाही. मातामृत्यूंचा विचार करताना थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ साली तीन उशीर सांगितले होते : मदत घ्यायचे ठरवण्यातला, रुग्णालयात पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. तीस मिनिटांचा नियम तिसऱ्या उशिराचे शेवटचे टोक तेवढे मोजतो.

आणखी एक उशीर खास आपला आहे. सहीचा. बाई शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, कळांच्या मधल्या उसंतीत विचारले तर होकार देऊ शकते. तरी नवऱ्याची, सासऱ्याची सही हवी म्हणून माणूस शोधला जातो. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की सज्ञान आणि सक्षम स्त्रीच्या शरीरावरील शस्त्रक्रियेला तिचीच संमती लागते, तिच्या आईने दिलेली संमती तिच्याऐवजी चालत नाही. आणि जीव वाचवण्यासाठी लगेच करावे लागले तर संमतीसाठी थांबण्याचे बंधन नाही. नातेवाईक उद्या दाराशी गर्दी करतील, ही डॉक्टरांची भीती मला कळते. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, तेव्हापासून कागद भक्कम ठेवण्याकडे सर्वांचा कल आहे. पण माझा भाऊ सापडेपर्यंत माझ्या भावजयीला एकदाही कोणी विचारले नाही. ती आत होती, शुद्धीवर होती, आणि तिला लिहिता येत होते.

मग काय मोजावे?

तीस मिनिटांचा आकडा फेकून द्या, असे मला म्हणायचे नाही. तो तयारीचा आकडा आहे आणि तयारीसाठी उत्तम आहे. मध्यरात्री भोंगा वाजला तर आपले रुग्णालय तीस मिनिटांत थिएटर चालू करू शकते का, याची रंगीत तालीम वर्षातून काही वेळा व्हावी. ब्रॅडफर्डच्या अभ्यासात बाई दहा मिनिटांत थिएटरात पोचली तर ८० टक्क्यांहून जास्त वेळा तीस मिनिटांत बाळ झाले. म्हणजे बराचसा वेळ जातो तो चाकूच्या आधी, व्हरांड्यात. तो व्हरांडा सरकारी असो की खासगी, स्ट्रेचर कुठे आहे, लिफ्ट कोण चालवते, किल्ली कोणाकडे असते, हे आधी ठरवता येते. त्याला खर्च फारसा येत नाही.

नोंदीत मात्र दोन वेळा पुरणार नाहीत. किमान पाच हव्यात : संकट प्रथम लक्षात आले ती, सिझेरियन लागेल असे कोणीही, कुठल्याही दारात, प्रथम म्हटले ती, भूलतज्ज्ञ पोचले ती, पहिला छेद घेतला ती, आणि जन्माची. रेफर केलेल्या बाईबरोबर पहिल्या दोन वेळा चिठ्ठीवर पुढे गेल्या पाहिजेत. या नोंदी कोणाला शिक्षा करण्यासाठी वापरल्या तर त्या दुसऱ्या दिवसापासून खोट्या होतील. हिशेबातला हा दुसरा धडा. ज्या वहीवरून नोकरी जाते ती वही कोणी खरी लिहीत नाही. वर्षभराच्या नोंदी एकत्र ठेवून कुठे अडते ते पाहायचे आणि ते दुरुस्त करायचे, इतकाच त्यांचा उपयोग असावा.

त्या रात्री कर्तव्यावर असलेल्या डॉक्टरांना मी नंतर एकदा भेटले. ते निवृत्त झाले होते. केसपेपरची झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, भूलतज्ज्ञ येईपर्यंत मी आत तिचा हात धरून उभा होतो. ते लिहायला या कागदावर रकानाच नव्हता.’

मी ती झेरॉक्स पुन्हा पिशवीत ठेवली. भाचीचे लग्न ठरते आहे. पुढेमागे तिच्यावर ही वेळ आली, तर तिच्या कागदावर तो रकाना असावा.